आंतरजालीय गृहदूरध्वनी : खंडित वीजपुरवठ्यातील व्यवस्था

आंतरजालीय गृहदूरध्वनी : घरातील दूरध्वनीचे संभाषण तांब्याच्या तारेतून विद्युत् प्रवाहाच्या रूपात न नेता, अंकीय संकेतांच्या लहानलहान पुडक्यांच्या रूपात आंतरजालावरून (इंटरनेटवरून) नेणारी योजना. या योजनेत संभाषण सामान्यतः काचेच्या प्रकाशीय तंतूमधून (फायबरमधून) जाते. काच विद्युत् निरोधक असल्याने दूरध्वनी केंद्राकडून घरापर्यंत वीज पोहोचत नाही. घरातील उपकरणे घरच्याच विजेवर चालवावी लागतात. परिणामी वीजपुरवठा खंडित होताच दूरध्वनीही बंद पडतो. वीज गेल्यावर रुग्णवाहिका, पोलीस, अग्निशामक दल किंवा नातेवाईक यांच्याशी संपर्क साधण्याची गरज अनेकदा वाढते, म्हणून या दोषाचे निवारण हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. प्रस्तुत नोंदीत दूरध्वनीच्या वीजपुरवठ्यात झालेला बदल, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील परिस्थिती आणि पर्यायी विद्युत् व्यवस्था यांचा परामर्श घेतला आहे.

पूर्वपीठिका : अगदी आरंभीच्या दूरध्वनियंत्रात बोलण्यासाठी लागणारा प्रवाह यंत्राजवळच ठेवलेल्या विद्युत् घटांतून मिळे आणि घंटी वाजविण्यासाठी हाताने फिरवावयाचे जनित्र असे. पुढे केंद्रीय घटमालेची पद्धत रूढ झाली. तीत दूरध्वनी केंद्रात शिसे-अम्ल प्रकारचे २४ संचायक घट एकसरीत जोडून ४८ व्होल्टचा एकदिश (एकाच दिशेने वाहणारा) दाब मिळविला जातो व तो तांब्याच्या तारांच्या जोडीतून प्रत्येक ग्राहकाच्या यंत्रापर्यंत पोहोचतो. घटमालेचे धन अग्र जमिनीला जोडलेले असते. त्यामुळे तारांचे विद्युत् रासायनिक क्षरण कमी होते. यंत्राचा हस्तसंच उचलल्यावर मंडल पूर्ण होऊन सु. २० ते ४० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो व संभाषणास तो पुरतो. घंटीसाठी केंद्रातून सु. ७५ व्होल्ट दाबाचा व २५ हर्ट्‌झ कंप्रतेचा प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणारा) प्रवाह सोडला जातो. केंद्रातील घटमाला गावची वीज असताना सतत भारित होत राहते व वीज गेल्यास काही तास किंवा त्याहून अधिक काळ सर्व ग्राहकांचा भार वाहते. मोठ्या केंद्रांत तिच्या जोडीला डीझेलवर चालणारे जनित्र असते.

सेंटर फॉर डेव्हलपमेंट ऑफ टेलिमॅटिक्स (सी-डॉट) या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने भारतीय खेड्यांसाठी १२८ जोडबिंदूंचे लहान स्वयंचलित केंद्र तयार केले. वातानुकूलनाशिवाय चालणे हे त्याचे वैशिष्ट्य होते व अशा पहिल्या केंद्रांपैकी एक कर्नाटकातील कित्तूर येथे १९८६ मध्ये कार्यान्वित झाले. या केंद्रांमुळे दूरध्वनी गावोगावी पोहोचला, तरी त्याला लागणारी वीज केंद्रातूनच येत राहिली. गावात अंधार असतानाही दूरध्वनी चालतो, हा ग्रामीण ग्राहकाचा अनुभव होता. ती सोय यंत्राच्या अंगची नसून केंद्रातील घटमालेची होती, हे मात्र सहसा लक्षात येत नसे.

आंतरजालावरून संभाषण करण्याची व्यापारी आज्ञावली १९९५ मध्ये उपलब्ध झाली. भारतात १ एप्रिल २००२ पासून आंतरजालीय दूरध्वनीस मर्यादित परवानगी मिळाली व २०१८ मध्ये परवान्यांतील सुधारणेमुळे तिची व्याप्ती वाढली. घरोघरी प्रकाशीय तंतू नेण्याचे काम भारत संचार निगम व खाजगी कंपन्या यांनी हाती घेतल्यावर तांब्याच्या तारेवरील अनेक जुन्या जोडण्या तंतूवर वळविण्यात आल्या. कित्येकदा दूरध्वनीचा क्रमांक व यंत्रही तेच राहिले, परंतु वीज पुरविण्याची जबाबदारी केंद्राकडून ग्राहकाकडे आली. या नोंदीतील सर्व उपाय याच बदलामुळे आवश्यक झाले आहेत.

रचना : तंतू घरात येऊन एका अंत्यपेटीत संपतो. ही पेटी व्यवहारात मोडेम किंवा राउटर या नावांनी ओळखली जाते. येणाऱ्या प्रकाशाची (तरंगलांबी १,४९० नॅनोमीटर) ती विद्युत् संकेतांत आणि जाणाऱ्या संकेतांची प्रकाशात (तरंगलांबी १,३१० नॅनोमीटर) रूपांतर करते. तिच्यावरील दूरध्वनीच्या खाचेत साधे यंत्र जोडले की पूर्वी केंद्राकडून येणारा एकदिश दाब व घंटीचा प्रवाह ही पेटीच निर्माण करते. म्हणजे एका ग्राहकापुरते छोटे दूरध्वनी केंद्रच घरात आलेले असते. आवाजाचे रूपांतर सामान्यतः सेकंदास ६४ हजार अंक या वेगाने होते. पुडक्यांवरील पत्ते इ. माहिती धरून हा वेग ८० ते ९० हजारांपर्यंत जातो. तंतूच्या क्षमतेच्या मानाने तो नगण्य असल्याने संभाषण तुटण्याचे कारण बहुधा वेगाचा अभाव नसून विजेचा अभाव हे असते.

अंत्यपेटीला सामान्यतः १२ व्होल्टचा एकदिश दाब लागतो व तो भिंतीवरील जोडबिंदूत बसविलेल्या अनुयोजकाकडून (अडॅप्टरकडून) मिळतो. काही घरांत अंत्यपेटी व बिनतारी जोडणी देणारा राउटर वेगवेगळे असतात. तेथे दोन्हींना वीज द्यावी लागते. हस्तसंच बिनतारी (कॉर्डलेस) असल्यास त्याच्या बैठकीलाही स्वतंत्र वीज लागते. ग्राहकाने अंत्यपेटीला बॅटरी जोडली तरी बिनतारी हस्तसंचाची बैठक मृत राहिल्याने दूरध्वनी बंदच राहतो, ही चूक वारंवार आढळते. तारेने जोडलेले साधे यंत्र आपली वीज पेटीकडून घेत असल्याने वीज नसतानाच्या उपयोगासाठी तेच श्रेयस्कर होय.

अहिल्यानगर जिल्ह्यातील परिस्थिती : क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात (१७,०४८ चौ. किमी.) १४ तालुके असून त्यांची प्रकृती भिन्न आहे. पश्चिमेकडील अकोले तालुका सह्याद्रीचा, अतिपावसाचा आहे. तेथे वादळवाऱ्यात झाडे व फांद्या तारांवर पडून पुरवठा खंडित होतो. प्रवरा, मुळा व गोदावरी यांच्या पाण्यावरील राहाता, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, नेवासे हा उसाचा बागायती पट्टा असून तेथे कृषिपंपांचा विद्युत् भार मोठा आहे. पाथर्डी, जामखेड, कर्जत इ. तालुके अवर्षणप्रवण आहेत.

जिल्ह्याच्या ग्रामीण विद्युतीकरणात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेला महत्त्वाचे स्थान आहे. ग्रामीण विद्युतीकरण निगमाची स्थापना १९६९ मध्ये झाली व त्यानंतर देशात प्रायोगिक स्वरूपात ज्या पाच वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यांपैकी ही एक होती. श्रीरामपूर व आसपासच्या तालुक्यांतील ग्राहकांना ती वीज पुरवीत असे. २०११ मध्ये तिचा परवाना संपुष्टात येऊन हे क्षेत्र महाराष्ट्र राज्य वीज वितरण कंपनीकडे (महावितरणकडे) आले.

राज्यात २००५ नंतरच्या काही वर्षांत मागणी व उपलब्धता यांतील तुटीमुळे दीर्घ भारनियमन करावे लागले. त्याच सुमारास गावठाणाच्या व शेतीच्या वाहिन्या (फीडर) वेगळ्या करण्याची योजना राबविली गेली. शेतीच्या वाहिनीवर पंपांसाठी त्रिकला (थ्री फेज) पुरवठा ठराविक तासांपुरता व पाळीपाळीने, दिवसा किंवा रात्री दिला जातो. गावठाण वाहिनीवर घरगुती पुरवठा अधिक काळ राहतो. तथापि या जिल्ह्यात पुष्कळ कुटुंबे गावठाणात न राहता शेतातील वस्त्यांवर राहतात. वस्तीचे घर शेतीच्या वाहिनीवर असल्यास त्याच्या विजेचे वेळापत्रक गावातील घराहून वेगळे पडते. म्हणून शेजारच्या गावातील अनुभवावरून वस्तीवरच्या दूरध्वनीसाठी बॅटरी निवडणे योग्य ठरत नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा प्रारंभिक प्रयोग करण्यासाठी २०१७ मध्ये जी गावे निवडली गेली, त्यांत पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी हे एक होते; दुसरे यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी. कृषिपंपांना दिवसा सौर वीज देणे हा या योजनेचा हेतू आहे. त्यामुळे रात्रपाळीच्या सिंचनाचा त्रास कमी होतो, परंतु वादळात पडलेला खांब किंवा जळालेले रोहित्र (गावातील भाषेत डीपी) यांमुळे होणारा खंड तिने टळत नाही.

खंडांचे प्रकार : उपाय ठरविण्यासाठी खंडांचे कालावधीनुसार तीन प्रकार करणे सोयीचे असते. (१) क्षणिक खंड : वीज काही सेकंदच जाते. अंत्यपेटी त्या क्षणी बंद पडते आणि पुन्हा सुरू होऊन दूरच्या केंद्राशी नोंदणी पूर्ण होण्यास काही मिनिटे लागतात. तोवर दूरध्वनी निकामी राहतो. यासाठी बॅटरी लहान असली तरी चालते, परंतु ती हाताने न जोडता आपोआप व क्षणार्धात भार उचलणारी असली पाहिजे. (२) काही तासांचा खंड : भारनियमन, दुरुस्ती किंवा वाहिनीतील बिघाड यांमुळे होणारा. यासाठी बॅटरीची क्षमता मोजून निवडावी लागते. (३) दिवसांचा खंड : रोहित्र जळणे, चक्रीवादळ इत्यादींमुळे होणारा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड जिल्ह्याच्या अनेक भागांत वीज व दूरध्वनी हे दोन्ही कित्येक दिवस बंद होते. अशा प्रसंगी बॅटरीबरोबर ती भारित करण्याचे स्वतंत्र साधनही लागते.

शक्तीची गरज व बॅटरीची क्षमता : अंत्यपेटीवर लिहिलेला आकडा (उदा., १२ व्होल्ट, १.५ अँपिअर) कमाल मर्यादेचा असतो, प्रत्यक्ष वापर बहुधा ६ ते १२ वॉट असतो. हिशेबासाठी १० वॉट धरल्यास फारशी चूक होत नाही. बॅटरीचे व्होल्ट व अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की तिच्यातील ऊर्जा वॉट-तासांत मिळते. तीपैकी किती वापरावी हे बॅटरीच्या प्रकारावर अवलंबून असते.

शिसे-अम्ल प्रकारच्या १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास बॅटरीत ८४ वॉट-तास ऊर्जा असते. ती वारंवार पूर्ण रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून निम्मीच वापरावयाची असे धरल्यास व परिवर्तनातील घट वजा केल्यास १० वॉटचा भार सु. साडेतीन तास चालतो. बाजारात 'मिनी यूपीएस' नावाने मिळणाऱ्या साधनात बहुधा लिथियम-आयन प्रकारचे तीन लहान घट असतात, ३.७ व्होल्ट व २.२ अँपिअर-तासाचे तीन घट धरल्यास सु. २४ वॉट-तास ऊर्जा होते व दूरध्वनी सु. दोन तास चालतो. लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारच्या १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-तास बॅटरीतील १५४ वॉट-तासांपैकी ८० टक्के वापरता येत असल्याने ती सु. दहा तास पुरते. तिची किंमत अधिक असली, तरी ती शिसे-अम्ल बॅटरीपेक्षा पुष्कळ अधिक आवर्तने टिकते. वेष्टनावर छापलेल्या 'मिलिअँपिअर-तास' या आकड्यावरून तुलना करताना तो कोणत्या व्होल्टला आहे हे पाहणे आवश्यक असते, ३.७ व्होल्टचे १०,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ३७ वॉट-तासच होत.

घरात इन्व्हर्टर असल्यास वेगळ्या बॅटरीची गरज नाही, अशी समजूत आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास बॅटरीतील १,८०० पैकी ९०० वॉट-तास वापरावयाचे ठरविले, तर एकटी अंत्यपेटी त्यावर दिवसाहून अधिक काळ चालेल. प्रत्यक्षात त्याच इन्व्हर्टरवर दोन पंखे व तीन दिवे असतात. सर्व मिळून बॅटरीवर सु. २२० वॉट भार येतो व सु. चार तासांत पंख्यांबरोबर दूरध्वनीही बंद पडतो. शिवाय इन्व्हर्टर बॅटरीचा एकदिश प्रवाह प्रत्यावर्ती करतो आणि अनुयोजक तो पुन्हा एकदिश करतो. या दुहेरी परिवर्तनात ऊर्जा वाया जाते, व भार नसतानाही इन्व्हर्टर स्वतः काही वॉट खात असतो. यास्तव दूरध्वनीसाठी स्वतंत्र, लहान व अन्य कोणताही भार न जोडलेली बॅटरी राखून ठेवणे हा अधिक भरवशाचा मार्ग होय. इन्व्हर्टर असलेल्या घरी ही लहान बॅटरी त्याच्या पुढे जोडावी, म्हणजे इन्व्हर्टर थकल्यावर तिचे काम सुरू होते.

जोडणी : बॅटरी थेट अंत्यपेटीला जोडू नये. १२ व्होल्टची म्हणून ओळखली जाणारी शिसे-अम्ल बॅटरी भारित होताना १३.५ व्होल्टच्या वर जाते व रिकामी होत आल्यावर ११ व्होल्टच्या खाली येते. अशा चढउतारात दाब १२ व्होल्टवर स्थिर राखणारे व बॅटरी सु. १०.५ व्होल्टला आल्यावर भार तोडणारे मंडल मध्ये असले पाहिजे. चांगल्या तयार साधनांत ते अंतर्भूत असते. जोडपिनेचा धन-ऋण क्रम पेटीवरील खुणेशी ताडून पाहावा. उलट जोडणीने पेटी कायमची निकामी होऊ शकते. उदासीन (न्यूट्रल) तार तुटल्यास एककला (सिंगल फेज) जोडणीवरचा दाब धोकादायक मर्यादेपर्यंत वाढू शकतो. म्हणून बॅटरी भारित करणाऱ्या साधनापूर्वी अतिदाब-संरक्षक बसवावा. काचेच्या तंतूमधून विजेचा लोळ घरात येत नाही, हा त्याचा तांब्याच्या तारेवरील मोठा लाभ आहे. विजेच्या तारांकडून येणारा धोका मात्र कायम राहतो.

देखभाल : उष्णता हा बॅटरीचा मुख्य शत्रू होय. २५° से. च्या वर तापमान दर १०° से. ने वाढल्यास शिसे-अम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४०° से. पर्यंत चढत असल्याने पत्र्याच्या छपराखाली, खिडकीतील उन्हात किंवा चुलीजवळ बॅटरी ठेवू नये. फुगलेली लिथियम बॅटरी तत्काळ वापरातून काढावी. दर दोन-तीन महिन्यांनी घराचा मुख्य खटका बंद करून, दूरध्वनी किती वेळ चालतो ते घड्याळ लावून पाहावे व तो कालावधी तारखेसह बॅटरीवर लिहून ठेवावा. मूळ कालावधीच्या निम्म्यावर आलेली बॅटरी बदलावी. ही चाचणी पावसाळ्यापूर्वी अवश्य करावी.

तंतूचे दुसरे टोक : घरातील व्यवस्था निर्दोष असूनही वीज गेल्यावर दूरध्वनी बंद पडत असेल, तर दोष दुसऱ्या टोकास असण्याचा संभव असतो. केंद्रापासून घरापर्यंतच्या मार्गावर प्रकाशाचे ३२ किंवा ६४ भाग करणारे विभाजक असतात. त्यांना वीज लागत नाही. परंतु केंद्रातील प्रकाशीय उपकरणाला ती लागते. मोठ्या दूरध्वनी केंद्रात हे उपकरण ४८ व्होल्टच्या घटमालेवर चालते. मात्र स्थानिक केबलचालकामार्फत दिलेल्या जोडणीत ते गावातील एखाद्या दुकानात वा घरात साध्या इन्व्हर्टरवर असू शकते. त्याची वीज संपली की त्यावरील सर्व घरांचे दूरध्वनी एकदम बंद पडतात. अंत्यपेटी चालू असून तिच्यावरील 'एलओएस' अक्षरांजवळचा तांबडा दिवा लागला, तर प्रकाश पोहोचत नाही असा त्याचा अर्थ होतो. तंतू तुटला असेल किंवा दुसऱ्या टोकाची वीज गेली असेल. वीज जाताच काही वेळाने हा दिवा नेमाने लागत असेल, तर दुसऱ्या कारणाची शक्यता अधिक. अशा वेळी प्रत्येकाने घरी मोठी बॅटरी आणण्यापेक्षा गावातील त्या एका उपकरणासाठी पुरेशी घटमाला बसवून घेणे अल्पखर्चाचे ठरते. ग्राहकांनी जोडणी घेतानाच सेवादात्याकडे 'तुमच्या टोकाचे उपकरण वीज गेल्यावर किती तास चालते ?' याची विचारणा करणे इष्ट होय.

सौर ऊर्जेचा उपयोग : १० वॉटचा भार अहोरात्र चालविण्यास २४० वॉट-तास ऊर्जा लागते. दिवसाकाठी पाच तास पूर्ण तेजाचे ऊन व ३० टक्के घट धरल्यास सु. ७० वॉटचे सौर पटल पुरते. पावसाळी ढगाळ दिवसांसाठी ते १०० वॉटचे किंवा अधिक घ्यावे. अकोल्यासारख्या अतिपावसाच्या भागात पटलापेक्षा बॅटरीची क्षमता वाढविण्यावर भर द्यावा, तर पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांत लहान पटलही वर्षातील बहुतेक काळ उपयोगी पडते.

आणीबाणीतील उपयोग : महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये व ११२ क्रमांकाची एकत्रित आपत्कालीन सेवा २०२१ मध्ये सुरू झाली. सर्पदंश, प्रसूती, आग किंवा वस्तीजवळ बिबट्याचा वावर अशा प्रसंगी या सेवांशी अथवा शेजाऱ्यांशी संपर्क होणे हे दूरध्वनी चालू असण्यावर अवलंबून असते. भ्रमणध्वनी हा पर्याय असला, तरी त्याचे मनोरेही बॅटरीवर ठराविक काळच चालतात आणि डोंगराळ भागात त्यांचा संकेत क्षीण असतो. म्हणून दोन्ही मार्ग शक्यतो वेगवेगळ्या सेवादात्यांचे असावेत. घरात वृद्ध, रुग्ण किंवा एकटी राहणारी व्यक्ती असल्यास किमान आठ तासांची व्यवस्था करणे योग्य होय.

या प्रश्नाची दखल इतर देशांनी कायद्याने घेतली आहे. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने २०१५ मध्ये, सेवादात्यांनी ग्राहकास प्रथम ८ व पुढे २४ तास पुरणाऱ्या बॅटरीचा पर्याय उपलब्ध करून दिला पाहिजे, असा नियम केला. तिचा खर्च मात्र ग्राहकावर सोपविला. ब्रिटनच्या नियामकाने, दूरध्वनीवरच विसंबून असलेल्या ग्राहकांना वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन संपर्क करता यावा, असे मार्गदर्शन २०१८ मध्ये केले. या दोन नियमांतील कालावधी भिन्न असले, तरी दूरध्वनीची वीज कोणी पुरवावयाची हा प्रश्न ग्राहकाला आधी सांगितला गेला पाहिजे, हे तत्त्व दोहोंत समान आहे. केंद्रातील घटमाला जे काम पूर्वी ग्राहकाच्या नकळत करीत होती, ते आता एका लहान, राखीव व वेळोवेळी तपासलेल्या बॅटरीकडून घरातच करून घ्यावे लागते.

[→ दूरध्वनिविद्या, विद्युत् घट, सौर ऊर्जा].